माफी नंतरची, परवानगी आधीची



आज विषय जरा धुळीचा आहे. घर पाडताना निघणारी माती, विटा, पत्रे, फुटक्या फरश्या यांचा. पण शेवटी तो देवघरापर्यंत येतो, म्हणून वाचाच.

आमचं घर जुनं, माळवदाचं. माणदेशात अशी घरं अजून बरीच आहेत. पाऊस कमी, म्हणून वर मातीचं सपाट छप्पर, खाली तुळया आणि किलचण. गेल्या वैशाखात पावसाच्या आत पुढची खोली पाडायला काढली. गवंडी म्हणाला, "वहिनी, माल रस्त्यावर टाकतो, ट्रॅक्टरवाला उद्या उचलंल." मी मान हलवली. कुणाला विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. घर आमचं, समोरचा रस्ताही आमचाच, असंच वाटत होतं.

ट्रॅक्टरवाला उद्या आला नाही. मशागतीचे दिवस, त्याला शेतातून सवड नव्हती. ढीग बोळात तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला वीज गेली आणि समोरच्या मावशी दुधाचा तांब्या घेऊन येताना त्या ढिगाला अडखळून पडल्या. उजवं मनगट मोडलं. दवाखान्याचा खर्च आम्ही केला, डबाही पोचवला. पण मावशी एकट्या राहतात आणि चार घरच्या भाकरी करून देतात. दीड महिना त्यांचा हात प्लास्टरमध्ये होता. तो दीड महिना कुठल्या डब्यानं भरून निघणार?

भाद्रपदात दशलक्षण झालं, क्षमावणी आली. मंदिरात सगळ्यांना हात जोडले आणि घरी येताना मावशींच्या दारात गेले. त्यांनाही हात जोडून क्षमा मागितली. त्या हसल्या. म्हणाल्या, "माफी कसली मागतीस बाई? तवाच एकदा इचारलं असतंस, तर मी मागच्या बोळानं गेली असते."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या समाजाला क्षमा मागता येते, आणि ती फार मोठी गोष्ट आहे. वर्षातून एकदा लहानथोर सगळ्यांपुढे वाकणं सोपं नाही. पण क्षमा नंतर मागतात. परवानगी आधी मागायची असते. मला आता असं वाटतं की आपण नंतरचं वाक्य पाठ केलंय आणि आधीचं विसरलोय.

पाठशाळेत शिकलेलं आठवा. न दिलेली वस्तू घेणं म्हणजे चोरी. आपण ते पैशाला, दागिन्याला लावतो. पण रस्ता कुणाचा? सगळ्यांचा. त्यातली सहा फूट जागा मी चार दिवस कुणी न देता घेतली. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रत पक्कं व्हावं म्हणून पाच भावना सांगितल्या आहेत. त्यातली एक आहे परोपरोधाकरण, म्हणजे दुसऱ्याला अडवू नये. मूळ संदर्भ साधूंच्या मुक्कामाच्या जागेचा आहे, हे मला माहीत आहे. पण ज्याच्याजवळ स्वतःचं घरसुद्धा नाही, त्यानंही उतरलेल्या जागी दुसऱ्याला अडवायचं नाही, आणि आम्ही घरदार असलेल्यांनी मात्र अख्खा बोळ अडवायचा?

मग पाच समित्या घ्या. आदाननिक्षेपण म्हणजे वस्तू उचलताना आणि ठेवताना जपणं. उत्सर्ग म्हणजे टाकायचं ते जीवजंतू नसलेल्या, कुणाला त्रास होणार नाही अशा जागी टाकणं. मुनिमहाराज कमंडलू ठेवण्याआधी पिंछीनं जागा साफ करतात. चातुर्मासात आहाराला निघतात तेव्हा चार हात पुढची जमीन पाहत पाऊल टाकतात. त्याच बोळात आपण खिळे आलेली फळकुटं टाकून ठेवतो आणि दारात पडगाहनाला कलश घेऊन उभ्या राहतो. ते पायात काही नसताना चालतात, हेसुद्धा आपल्याला आठवत नाही.

आता कायद्याचं थोडक्यात. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी केंद्र सरकारनं २०१६ साली वेगळे नियम काढले. ज्याच्या घरातून राडारोडा निघतो, त्याची पहिली जबाबदारी त्याच्यावरच, असं त्यात म्हटलं होतं. माल वेगवेगळा करायचा, शक्यतो आपल्या आवारात ठेवायचा, आणि तो रहदारीच्या, लोकांच्या किंवा गटाराच्या आड येऊ द्यायचा नाही. तो गोळा करण्याची सोय करणं हे स्थानिक संस्थेचं काम. मुंबई महापालिकेची तर 'डेब्रिज ऑन कॉल' नावाची सेवाच आहे. कळवायचं, ठरलेले पैसे भरायचे, गाडी येऊन माल नेते.

माझी भाची इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिथं आपलं जैन मंदिरही आहे. तिनं स्वयंपाकघर नवं केलं तेव्हा दारात लोखंडी मोठी पेटी भाड्यानं आणली. तिला तिकडं स्किप म्हणतात. ती सार्वजनिक रस्त्यावर ठेवायची तर स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते. १९८०च्या त्यांच्या महामार्ग कायद्यात तसं कलमच आहे. रात्री पेटीवर दिवा हवा, पेटीवर मालकाचं नाव आणि फोन किंवा पत्ता हवा, आणि भरली की लवकरात लवकर उचलायला हवी. भाची हे सांगत होती आणि मी मावशींच्या मनगटाकडं बघत होते. एक दिवा! आमच्या ढिगावर एक कंदील असता तरी त्या पडल्या नसत्या. आणि ढिगावर आपलं नाव लिहायची वेळ आली असती, तर आम्ही तो चार दिवस राहू दिला असता का?

मार्गशीर्षात मागची खोली पाडायची होती. या वेळी मी म्हटलं, ढीग नको. भाड्याची ट्रॉली दारात लावू, माल थेट तिच्यात पडेल आणि भरली की जाईल. आपल्या माणदेशाची हीच स्किप. पण ट्रॉलीही रस्त्यावरच उभी राहणार, म्हणून आधी अर्ज करायचा. घरात हसले सगळे. हे म्हणाले, "दोन दिवसांच्या कामाला अर्ज? उगीच हेलपाटे." सासूबाई म्हणाल्या, "आपल्या घरानं कधी असले कागद केले न्हाईत." त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. हेलपाटे दोन झाले. कारकून भाऊ म्हणाले, "यासाठी कुणी येतच नाही ओ वहिनी." पण कोऱ्या कागदावर काय लिहायचं ते त्यांनीच सांगितलं. तिसऱ्या दिवशी कागद हातात आला. ट्रॉली एका अंगाला, गटार मोकळं, मुदत तीन दिवस.

त्या कागदापेक्षाही मोठं काम गल्लीत झालं. अर्जाला जोडायला म्हणून मी सात घरांच्या सह्या घेतल्या, आणि सात घरं माझ्याशी बोलली. एकीच्या मुलाची दहावीची चाचणी होती, म्हणून सकाळी घण बंद ठेवला. एका घरी बाळंतीण होती, तिच्या खिडकीला आमचीच जुनी ताडपत्री बांधून दिली. मावशींनी सहीऐवजी अंगठा दिला. उजव्या हाताचा.

माल कुठं गेला तेही सांगते, कारण ट्रॅक्टरवाल्यानं विचारलंच, "ओढ्यात टाकू का?" आपल्याकडं सर्रास हेच होतं. पण २०१८च्या वॉटर कपमध्ये आपल्या माणमधल्या टाकेवाडीनं राज्यात पहिला नंबर काढला. बायाबापड्यांनी उन्हात टिकाव-फावडं घेऊन पाण्यासाठी वाट केली. त्याच तालुक्यात पाण्याच्या वाटेत आपण विटा टाकायच्या? माळवदाची पांढरी माती एका शेतकऱ्यानं रानात टाकायला मागून नेली. दगड आणि विटांचे तुकडे नव्या जोत्याच्या भरावात गेले. तुळया विकल्या. कीड लागलेलं लाकूड पाहून बाजूला ठेवलं, तसंच चुलीत घातलं नाही. राहिली ती फुटकी फरशी आणि प्लास्टिक, एवढंच नेमून दिलेल्या जागी टाकावं लागलं. वेगळं केलं की टाकायला फार थोडं उरतं, हे मला त्या तीन दिवसांत कळलं.

तुमच्या घरी काम निघणार असेल तर एवढं करा. नगरपंचायत किंवा नगरपरिषद असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, खेडं असेल तर ग्रामपंचायतीला साधा अर्ज द्या. मिळकत क्रमांक, तारखा, किती जागा, ट्रॉली की ढीग, एवढं लिहा. पोच घ्या. बाजारच्या आणि यात्रेच्या दिवशी काम टाळा. संध्याकाळी दोरी बांधा आणि दिवा लावा. गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना स्वतः जाऊन सांगा.

काही जणी म्हणतील, सगळेच टाकतात, आपणच का? मला वाटतं, म्हणूनच आपण. पाणी गाळून पितो तेव्हा आपण शेजारी गाळतो का हे बघत नाही. मग रस्त्याच्या बाबतीत का बघायचं? डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवासाठी वस्त्रगाळ करणाऱ्या आपण, समोरच्या दारातला जीव तेवढा दिसत नाही असं होऊ नये.

येत्या क्षमावणीला मी पुन्हा मावशींकडं जाणार आहे. हात जोडीनच. पण या वेळी त्यांच्याकडं मागायला माझ्याजवळ एक माफी कमी असेल.

मावशींचं मनगट अजून थंडीत दुखतं. भाकरी त्या डाव्या हातानं थापायला शिकल्या आहेत.