खडा फोडा, पिशवी ठेवा?

मुतखडा लेझरने फोडतात, मग पित्ताचा का नाही? सोनोग्राफीचा रिपोर्ट हाती आला की हा प्रश्न निघतोच, आणि ‘लेझरने खड्यांवर उपचार’ अशा पाट्या त्याला खतपाणी घालतात. प्रश्न वेडगळ नाही. पित्ताची पिशवी, म्हणजे पित्ताशय, कायमची जाणार म्हटल्यावर माणूस दुसरी वाट शोधणारच.

पण ही वाट फार अरुंद आहे. मुतखड्याचा चुरा लघवीबरोबर वाहून जातो. पित्ताशयाची नळी मात्र जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, त्यात आतून पिळाच्या घड्या. चुरा तिथे अडकला तर पोटात कळा. पुढे मुख्य पित्तनलिकेत उतरला तर कावीळ. स्वादुपिंडाच्या तोंडाशी बसला तर जिवाशी गाठ. पिशवीत गुमान पडलेल्या खड्याला आपणच प्रवासाला धाडायचे!

हे करूनही पाहिले आहे. १९८५ मध्ये म्युनिकला लेझरने नव्हे, पण बाहेरून आघातलहरी सोडून पित्ताचे खडे फोडले. गाजावाजा झाला. पुढे कित्येकांना पुन्हा खडे झाले, कारण ते बनवणारी पिशवी जागेवरच होती. बर्लिनच्या सर्जन लांगेनबुखने १८८२ मध्येच ती काढून दाखवली होती. मुंबईत डॉ. उदवाडियांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून काढली. (दुर्बीण म्हणजे लेझर नव्हे; तिथे बहुधा विजेचा हुक आणि क्लिपा असतात.) पचनाची धास्ती असेल तर, पित्त यकृत बनवते, पिशवी ते फक्त साठवते.

मग लेझर निरुपयोगी? मुळीच नाही. मुख्य पित्तनलिकेत मोठा खडा रुतला आणि खडे ओढून काढायच्या जाळीत येईना, की त्याचे खरे काम सुरू होते. तोंडावाटे एंडोस्कोप, त्यातून नळीत आणखी बारीक दुर्बीण, तिच्यातून काचेचा तंतू. सलाइनची धार चालू ठेवून होल्मियम लेझरचे ठोके थेट खड्यावर, डोळ्यांदेखत. खडा तडकतो. नळीचे तोंड आधीच चिरून रुंद केलेले असते, म्हणून तुकडे आतड्यात ओढता येतात. चुऱ्याला इथे वाट आहे, पिशवीत नव्हती. एवढे करूनही पिशवी बहुधा नंतर काढावीच लागते.

आणि त्रास न देणाऱ्या पिशवीतल्या खड्याला सहसा काहीच करायचे नसते. तेव्हा पाटीवर लेझर दिसला, तर आत जाऊन एवढेच विचारा: माझा खडा पिशवीत आहे की नळीत?