नावे आणि जमा

बी.कॉम.च्या तीन वर्षांत काय शिकलास असे कोणी विचारले, तर मी एकच गोष्ट छातीठोकपणे सांगू शकेन. एका खात्यात नावे टाकले, की दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात जमा पडलेच पाहिजे. बँकेत बावीस वर्षे याच एका वाक्यावर पगार खातो आहे. संध्याकाळी कॅश दहा रुपयांनी कमी भरली, तरी आम्ही दिवेलागणीनंतरही नोटा मोजत बसतो आणि घरी मंडळींना वाटते, यांचे बाहेर काहीतरी चालले आहे.

म्हणूनच आमच्या भाच्याचा धंदा पाहिला की माझ्यातला कारकून कासावीस होतो. भाचा बुलढाण्यात एका न्यूज पोर्टलचा 'क्राइम आणि कोर्ट' वार्ताहर आहे. पोर्टल म्हणजे काय, तर एक मोबाइल, माइकवर बसवलेला रंगीत ठोकळा आणि एक मोटारसायकल. पगार बातमीमागे, दिवाळीच्या जाहिराती आणल्या तर कमिशन. पेट्रोल मामाचे.

सकाळी पोलिसांची प्रेसनोट व्हॉट्सअ‍ॅपवर येते. तीत 'संशयितास ताब्यात घेतले' असे साधे वाक्य असते. भाच्याचा चहा संपेपर्यंत संशयिताचा 'भामटा' झालेला असतो आणि ताब्यात घेण्याऐवजी त्याच्या 'मुसक्या आवळलेल्या' असतात. शिवाय परिसरात एकच खळबळ. मेहकरपासून मलकापूरपर्यंत रोज इतकी खळबळ उडते, तरी आमच्या शाखेत कोणाची झोपमोड झाल्याचे ऐकिवात नाही. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेने चारशेवीसचे कलम तीनशे अठरा केले. पोर्टलवर माणूस अजून चारशेवीसच आहे.

इथवर मी हसत होतो. मग एक दिवस आमचे एक जुने ग्राहक माझ्या खिडकीशी आले. पूर्वी एका पतसंस्थेत रोखपाल. अपहाराचा गुन्हा, अटक, आणि भाच्याच्या पोर्टलवर फोटोसकट बातमी. खामगावच्या कोर्टात खटला चालला, बोथ्याचा घाट उतरून उतरून गृहस्थाची चार वर्षे गेली आणि ते निर्दोष सुटले. निकालाची नक्कल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. म्हणाले, "साहेब, पोरीसाठी स्थळं येतात. ते लोक मोबाइलवर नाव टाकून बघतात अन् परत फोन करत नाहीत." त्यांनी मला मोबाइल दाखवला. वर पहिलेच : 'भामटा रोखपाल जेरबंद'. निकाल कुठेच नाही.

मी भाच्याला गाठले. "अरे, सुटल्याची बातमी दे ना."

"मामा, सुटल्यावर त्याले कोन पाहते? व्ह्यूज नाही येत. अन् तारखेले मी काऊन जाऊ? मालक पेट्रोलचे पैसे देते काय?"

पोराचे खोटे नाही. अटक पाच मिनिटांत लिहून होते, खटल्याला वर्षे लागतात. मालक दोन्हीचे पैसे सारखेच देतो. आणि धंदा सोपा नाही. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे रिफायनरीच्या वादावर लिहीत होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये एका गाडीने त्यांच्या दुचाकीला चिरडले आणि ते गेले. खुनाचा गुन्हा नोंदला गेला. (आरोपीचे नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही.)

पण मुंबईच्या जिग्ना व्होरांचे काय झाले, ते भाच्याने वाचावे. स्वतः गुन्हेवार्ताहर. जून २०११ मध्ये पत्रकार जे. डे यांचा पवईत गोळ्या घालून खून झाला आणि नोव्हेंबरात त्या प्रकरणात या बाईंनाच अटक झाली. मोक्का लागला, तुरुंगवास झाला, आणि काल एकाच बाकावर चहा पिणाऱ्यांनी आज त्यांचे मथळे केले. मे २०१८ मध्ये त्या निर्दोष सुटल्या. २०१९ मध्ये उच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवले. तोवर मुलगा मोठा झाला होता आणि नोकरी गेली होती. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या वार्तांकनाच्या निमित्ताने वाहिन्यांना सुनावले, की तपास चालू असताना असले मीडिया ट्रायल न्यायाच्या कामात ढवळाढवळ करते. भाच्याच्या मालकाने तो निकाल वाचला असेल, तर मी शाखेत पेढे वाटीन.

माझे मागणे फार नाही. ज्या लिंकवर नावे टाकले, त्याच लिंकवर, वरच्या ओळीत, तेवढ्याच आकाराचे जमा टाका. आम्ही चुकीची एंट्री रिव्हर्स करतो तशी. घाटही उतरायला नको. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला, की पुढची तारीख आणि निकाल चहाच्या टपरीवर दिसतो. प्रेसनोट वाचायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच. ज्या पोर्टलला हे जमत नाही, त्याने अटकेच्या बातमीत नाव आणि फोटो टाकूच नये.

हे सगळे मी भाच्याला दोन रविवार ऐकवले. तिसऱ्या आठवड्यात पेट्रोल बंद केले. तेव्हा कुठे एका रात्री पावणेबाराला पोर्टलवर बातमी आली. वेगळ्या लिंकवर, फोटो नाही, दोन ओळी. मथळा होता : 'भामटा रोखपाल निर्दोष'.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ पासबुक भरायला आले. माझी खिडकी रिकामी होती. ते शेजारच्या रांगेत उभे राहिले.