यंत्राचा आवाज आणि बागायतदाराचा शब्द

चैत्र-वैशाखात रत्नागिरीच्या आंबा बागायतदाराला उसंत म्हणून मिळत नाही. पहाटेपासून काढणी, मग प्रतवारी, पेट्या भरणे आणि सायंकाळी मुंबई-पुण्याची गाडी गाठणे, असा त्याचा दिनक्रम असतो. नेमक्या याच दिवसांत दूरध्वनी अखंड वाजत राहतो. भाव काय, आंबा तयार आहे की कच्चा, पेटी कधी पोहोचेल? हातात झेला धरून झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाने उत्तर तरी कसे द्यावे? दलालावर विसंबून न राहता थेट ग्राहकाच्या घरी माल पोहोचविण्याचे धाडस अनेक बागायतदारांनी केले, त्याची ही दुसरी बाजू आहे. वाजून थांबलेला दूरध्वनी म्हणजे हातचे गेलेले गिऱ्हाईक.

या अडचणीवर आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपाय पुढे आला आहे. यंत्र बोलणाऱ्याचे शब्द टिपते, त्यांचा आशय ओळखते, उत्तर जुळविते आणि ते माणसासारख्या आवाजात ऐकवते. ते थकत नाही, रात्री-अपरात्री कंटाळत नाही आणि एकाच वेळी अनेकांशी बोलू शकते. मोठ्या कंपन्यांच्या आवाक्यात असलेली ही सोय लहान उद्योजकाच्या दारी येत असेल, तर तिच्याकडे पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. भाव सांगणे, पत्ता उतरवून घेणे, मागणी नोंदविणे ही कामे यंत्राने खुशाल करावीत.

प्रश्न उभा राहतो तो याच्या पुढे. हापूसमध्ये साका नावाचा दोष असतो. फळ बाहेरून देखणे, सुगंधी. पण कापल्यावर आतला गर पांढरट व बेचव. बाहेरून पाहून तो अनुभवी बागायतदारालाही कळत नाही. असे फळ निघाले की ग्राहक दूरध्वनी करतो, आणि त्या दोन मिनिटांत वर्षानुवर्षांचे नाते टिकते किंवा तुटते. "काका, तेवढी फळे पुढच्या पेटीत भरून देतो," हे वाक्य यंत्रही बोलेल. परंतु त्यामागे उभे कोण राहणार? कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी परप्रांतीचा आंबा त्याच नावाने विकला जातोच. म्हणून 'अस्सल आहे ना?' असे विचारणारा ग्राहक खरे तर माणसाचा शब्द मागत असतो.

हे यंत्र माहीत नसलेल्या गोष्टीचेही उत्तर ठामपणे देते, हा धोका वेगळाच. कॅनडात एका विमान कंपनीच्या संवादयंत्राने प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. हे यंत्र स्वतःच्या वक्तव्याला स्वतंत्रपणे जबाबदार आहे, असा युक्तिवाद कंपनीने केला. तेथील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई देण्यास सांगितले. विमान कंपनीला ती भरपाई जड गेली नसेल. दहा आठवड्यांच्या हंगामावर वर्षाचा संसार चालविणाऱ्याला मात्र यंत्राने दिलेले एखादे खोटे वचनही महागात पडेल.

आणि यंत्र बोलणार कोणत्या भाषेत? 'दूरध्वनी' हा शब्द मराठीत रुजविण्याचे श्रेय स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीला दिले जाते. त्यांच्या स्थानबद्धतेचा १९२४ ते १९३७ हा काळ बव्हंशी याच रत्नागिरीत गेला. तेथील दूरध्वनीवरून मराठी ग्राहकाला परक्या धाटणीचे, कृत्रिम मराठी ऐकावे लागले, तर तो दैवदुर्विलासच म्हणायचा. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'भाषिणी' उपक्रमामुळे भारतीय भाषांसाठी अशी साधने देशातच घडू लागली आहेत. कोकणातील बोलीचे हेल, पेटी-डझनाचा हिशेब आणि अढीतल्या आंब्याचे शब्द त्यांना शिकविण्याचे काम मात्र कोकणी माणसालाच करावे लागेल.

हंगामात दूरध्वनी घेण्याचे काम अनेकदा घरची सून किंवा गावातील शिकणारी मुलगी करते. यंत्र आले म्हणून तिला दूर सारणे हा शहाणपणा नव्हे. रोजची विचारपूस यंत्राकडे द्यावी आणि तक्रार, परतफेड व जुने ग्राहक तिच्याकडे सोपवावेत. यंत्राने आरंभीच आपण यंत्र असल्याचे सांगावे, अडल्यास माणसाकडे जोडून द्यावे आणि जे वचन मालक पाळू शकत नाही ते कधीही देऊ नये. ग्राहकांचे पत्ते व क्रमांक ही त्यांनी विश्वासाने दिलेली ठेव आहे, तीही परक्याच्या हाती जाता कामा नये.

कोकणातील लहान व्यापाराचे भांडवल नेहमीच थोडे होते. पत मात्र मोठी होती. आवाज उसना घेता येतो, शब्द मात्र स्वतःचाच द्यावा लागतो.