घरची बेबिंक

आगमनकाळाचा तिसरा रविवार उलटला की घरोघरी एकच प्रश्न निघतो : यंदा नाताळास काय काय करावयाचे? नेवऱ्या व कुलकुल करावयास मुलेबाळेही बसतात. बेबिंक मात्र बहुधा एकट्या आईच्या वाट्यास येते, आणि तीही नेमकी २४ डिसेंबरला. मग मध्यरात्रीच्या मिस्सेस सारे कुटुंब नवी वस्त्रे लेऊन निघते, त्या वेळी तीच तेवढी धुराने डोळे लाल झालेली व थकून गेलेली दिसते. हे योग्य नव्हे. म्हणूनच आज या विषयावर चार शब्द लिहीत आहोत.

जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात बिबियाना नावाच्या धर्मभगिनीने हे पक्वान्न प्रथम केले, अशी आख्यायिका आहे. तिने सात टेकड्यांची खूण म्हणून सात थर दिले, असे सांगतात. २०२३ साली गोव्याच्या बेबिंकेस भौगोलिक मानांकन मिळाले, आणि दुकानांतून ती डब्यांत बंद होऊन बाराही महिने मिळते. सवड नसेल त्याने ती खुशाल आणावी. परंतु घरी करावयाची तर सर्वांनी मिळून करावी, एवढेच आमचे सांगणे आहे.

साहित्य असे : दोन-तीन नारळांचा अर्धा लिटर दाट रस, १० अंड्यांचा पिवळा बलक, ४०० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम मैदा, २५० ग्रॅम तूप, अर्धा चमचा जायफळाची पूड व चिमूटभर मीठ.

साखर नारळाच्या रसात विरघळवावी. बलक घोटून त्यात हा रस मिसळावा. मैदा थोडा थोडा घालावा, गुठळी राहू देऊ नये. मग मीठ व जायफळ घालून सारे गाळून घ्यावे. काही गृहिणी दोन चमचे साखर तांबूस होईतो जाळून ती अर्ध्या पिठात मिसळतात व फिका आणि गडद असे थर आळीपाळीने देतात. त्यामुळे कापल्यावर सुंदर पट्टे दिसतात. बाटलीतल्या रंगाची गरज पडत नाही.

वीतभर रुंदीच्या जाड भांड्यात दोन चमचे तूप तापवून डावभर पीठ ओतावे. खाली मंद निखारे असावेत. वर पत्र्याचे झाकण ठेवून त्यावर नारळाच्या सोडणांचा विस्तव घालावा. विजेची भट्टी असल्यास वरचा ताप ठेवावा. थर बदामी झाला की चमचाभर तूप पसरून दुसरा थर ओतावा. खालचा थर पुरता भाजल्याखेरीज वरचा ओतू नये; घाई केली की दोन्ही एकजीव होतात व आत कच्चट लगदा राहतो. एकेका थरास सुमारे १५ ते २० मिनिटे लागतात. बेबिंक पुरती निवल्यावरच उलथावी व पातळ कापावी.

आता कामाची वाटणी. नारळ फोडणे, खवणे व रस पिळणे हे मुलग्यांना मुळीच जड नाही. विस्तवाकडे घरधन्याने पाहावे. आजीने खुर्चीवर बसून थराचा रंग ओळखावा, कारण तिच्याइतकी पारख घरात दुसऱ्या कोणास नसते. उरलेल्या पांढऱ्या बलकाचा पोळा करून कामकऱ्यांस खाऊ घालावा. बेबिंक काही दिवस चांगली टिकते. तेव्हा ती २२ तारखेसच उरकावी. २४ तारीख आईला पापनिवेदनासाठी, प्रार्थनेसाठी व थोड्या विश्रांतीसाठी मोकळी राहू द्यावी.

आणखी एक विनंती. ज्या घरी यंदा मृत्यूचे दुःख पडले आहे, तेथे अनेक गावांत नाताळास गोडधोड करीत नाहीत. तुमच्या वाड्यातील असे घर आठवा, आणि बेबिंकेचा पहिला तुकडा तेथे पाठवा. बशी मुलाच्या हाती न देता आपण स्वतः न्यावी, घटकाभर बसावे, गेलेल्या माणसाचे नाव घेऊन बोलावे. गोठ्यात जन्मलेल्या बाळाच्या सणास त्या घरी कोणीच आले नाही, असे होऊ नये.