मामाजी जेवाले बसले!

लग्न होऊन दोन-तीन महिने झाले की अल्बम येतो आणि अल्बमच्या मागोमाग भांडण येतं. आमच्याकडे तरी हाच क्रम आहे. करिझ्मा अल्बमचं ते जड धूड मांडीवर घेऊन आत्या एकेक पान उलटत असते. आधी चिखलदऱ्याचं प्री-वेडिंग, नवरीचा झगा वाऱ्यावर. मग ड्रोननं वरून टिपलेला मांडव. मग स्टेजवरची आहेराची पाकिटं. देणारी माणसं बदलतात, नवरा-नवरीचं हसू तेच. शेवटचं पान संपलं की आत्या चष्मा काढते. "सारं हाय वं, पण आमचे हे कुठी हायेत?"

आमचे हे, म्हणजे आत्याचे यजमान, आमचे मामाजी. लगनाच्या दिवशी पहाटेपासून हजर. पाण्याचे कॅन मोजून घेतले ते त्यांनीच. पण घरच्यांचा फोटो निघाला तेव्हा ते पहिल्या पंगतीत वांग्याच्या भाजीपाशी होते.

माझं माहेर अमरावती, सासर अकोला. मधे शंभरेक किलोमीटर आणि मूर्तिजापूर. त्यामुळे लग्नसराईत मी कधी नवरीकडची असते, कधी नवरदेवाकडची. पहिली पत्रिका अमरावतीत अंबादेवीला आणि अकोल्यात राजराजेश्वराला ठेवायची, हे दोन्हीकडे कोणाला सांगावं लागत नाही. वाजंत्री, रुखवत, मानाच्या साड्या, सगळ्याच्या याद्या होतात. प्री-वेडिंगला नवरीनं कोणत्या दगडावर बसून कुठं पाहायचं तेही लिहिलेलं असतं. घरच्या माणसांचे फोटो कोणते आणि कधी काढायचे, याचा मात्र कागदावर पत्ता नसतो.

मग होतं काय, की शेवटची अक्षद पडते आणि सगळं एकदमच सुरू होतं. पंगत बसते, आहेरवाल्यांची रांग स्टेजला भिडते आणि नेमका तेव्हाच फोटोवाला ओरडतो, "चला, फॅमिलीवाले या!"

"काकाजी कुठी गेले?"

"जेवाले बसले."

"अन् मावशी?"

"साडी बदलून रायली."

"जवाईबुवा?"

"येऊन रायले ना बाप्पा, दोन मिनिट!"

जवाईबुवांची दोन मिनिटं पंधरा मिनिटांची असतात आणि त्यांना सोडून फोटो काढायची छाती कोणाची नसते. हिशेब करून पाहा. एक घोळका हाकारायचा, उभा करायचा, पदर-फेटे सारखे होऊ द्यायचे, कोणाचे तरी डोळे मिटतातच म्हणून चार वेळा बटण दाबायचं, यात तीन मिनिटं सहज जातात. असे पंचवीस घोळके म्हणजे सव्वा तास. तेवढा वेळ पाकीट हातात धरून पाहुण्यांनी उभं राहायचं, आणि उपाशी नवरीनं हसायचं.

यावर माझं म्हणणं एकच आहे: घरच्यांचे फोटो लगन लागायच्या आधी उरकावेत. पत्रिकेवर मुहूर्त 11 वाजून 47 मिनिटांचा छापतात आणि वरात दारात नाचत एक वाजवते, यात नवं काही नाही. त्या उशिराला आपण दरसाल नावं ठेवतो, पण फोटोसाठी तोच वेळ कामाचा. नवरदेवाकडची मंडळी सकाळी जानोशावर एकाच छताखाली असतात. फेटे नुकते बांधलेले, पोट्ट्यांचे सदरे अजून मळायचे, काकवांची पावडर जागेवर. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघायच्या आधी अर्धा तास धरला तर त्या घरचे सगळे फोटो तिथंच होऊन जातात. नवरीकडच्यांनी वरातीचा बँड कोपऱ्यावर ऐकू येण्याआधी, म्हणजे तिचे वडील आणि मामा स्वागताला दारात जायच्या आत, तिच्या खोलीबाहेर जमावं. अंतरपाट फिटेपर्यंत एकमेकांचं तोंड पाहायचं नाही म्हणणाऱ्या आजीचाही शब्द राहतो, कारण ज्याचे फोटो त्याच्याच घरच्यांसोबत. लगन लागल्यावर स्टेजवर उरतात ते दोन्ही घरांचे मिळून चार-पाच.

जागेचंही तसंच. "लॉनवर काढू, उजेड भारी हाये" म्हणणारा एक भाचा प्रत्येक घरात असतो. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात अकोला-अमरावतीला भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. पोरांना काठी रोवून दाखवायला तो उत्तम, फोटोला अगदी वाईट. उजेड सरळ वरून पडतो, त्यामुळे फेट्याखाली कपाळ काळं, डोळ्यांच्या जागी खाचा आणि चमकतं ते फक्त नाक. शिवाय ऊन. 2024 च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हापायी कलम 144 लावलं होतं आणि शिकवण्यांना दुपारी बंदी केली होती. जिथं दुपारी शिकवणी भरवायची सोय नाही, तिथं ऐंशीच्या आजोबांना कोट घालून हिरवळीवर कशाला उभं करायचं? कार्यालयाचा व्हरांडा पाहावा, तोंडं उघड्या बाजूला करावीत. पायऱ्या असल्या तर फारच बरं, तीन पायऱ्यांवर तीन रांगा आपोआप लागतात आणि मागच्यांना टाचा उचलाव्या लागत नाहीत.

जुन्या लग्नांचे फोटो पाहिले की मला त्या मंडळींचा हेवा वाटतो. 120 च्या रोलवर चौकोनी फोटो निघायचे 12. पुढं छोटा रोल आला तेव्हा 36. प्रत्येक फोटो धुवायचा-छापायचा खर्च वेगळा. म्हणून कोणाचा काढायचा हे घरातलं मोठं माणूस आदल्या रात्रीच ठरवून ठेवायचं. खुर्च्यांवर वडीलधारे, मागं उभे भाऊ आणि सुना, पुढं सतरंजीवर पोरं, आणि सगळे कॅमेऱ्याकडे बघणारे. आता कार्डात हजारो फोटो मावतात. सतरंजी गेली तसं ते ठरवणारं माणूसही गेलं.

ते माणूस परत नेमावं. हे काम फोटोवाल्याचं नाही. मामा कोण आणि मामाचा मेहुणा कोण, त्याला कुठून कळणार? नवरीच्या वडिलांचंही नाही, त्यांच्यामागं त्या दिवशी केटररपासून गुरुजींपर्यंत सगळे असतात. घरातली एखादी धाकटी काकू पाहावी, जिला सगळी नाती तोंडपाठ आहेत, जिचा आवाज डीजेवर चढतो आणि जिला कोणी उलटून बोलत नाही. माइक तिच्याकडे, यादी तिच्याकडे. पहिला फोटो म्हाताऱ्यांचा आणि लेकुरवाळ्यांचा, म्हणजे ते मोकळे. अकोल्याला परतायची बस किंवा बडनेऱ्याहून गाडी असलेले त्यांच्या मागोमाग. आजीला स्टेजच्या पायऱ्या चढवत नसतील तर नवरा-नवरीनं खाली उतरावं. स्टेजमागचा फुलांचा देखावा नाही आला तरी चालतो.

आणि एक बारीक गोष्ट, जिच्यापायी बायका वर्षभर धुसफुसतात. मोठा घोळका जवळून एका चौकटीत बसवायला फोटोवाला रुंद भिंग लावतो, त्यात कडेची माणसं आहेत त्याहून जाड दिसतात. त्याला चार पावलं मागं हटायला सांगावं. जागाच नसेल तर कडेला सडपातळ पोट्टे उभे करावेत.

येत्या लगनासाठी आमच्या धाकट्या काकूनं यादी केली आहे, बारा ओळींची. अकरा ओळी एका संध्याकाळी ठरल्या. सातवीवरून मात्र तिची नि मावशीची बोलाचाली अजून सुरू आहे: नवरीच्या चुलत मामांचा फोटो वेगळा काढायचा, की सगळ्या मामांसोबत? मावशी म्हणते, वेगळा नाही काढला तर ते आहेर न देताच जातील. काकू म्हणते, "जाऊ दे ना मंग, मांगच्या खेपेला स्टीलचा डबाच तं देला होता."