अवंती: ‘पहिली’ की ‘फसलेली’? एका मोटारीचा इतिहास कसा वाचावा

१/ दर काही महिन्यांनी एक छायाचित्र समाजमाध्यमांवर पुन्हा फिरू लागते. बुटकी, रुंद, तिरकस दिव्यांची एक मोटार आणि खाली मथळा: ‘भारताची पहिली स्पोर्ट्स कार’. प्रतिक्रियांत लगेच दोन तट पडतात. एकाचा ऊर अभिमानाने भरून येतो. दुसरा विचारतो, इंजिन परक्याचे, मग गाडी भारतीय कसली? मोटारीचे नाव ‘डीसी अवंती’. आजचा धागा तिच्यावर आणि तिच्या महत्त्वाकांक्षी कर्त्यावर.

२/ माझे मत आरंभीच मांडतो. दोन्ही तट चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत. अवंती ‘पहिली’ नव्हती. आणि उसन्या इंजिनामुळे ती कमअस्सलही ठरत नाही. तिच्या कथेतला खरा प्रश्न निराळा आहे. एक देखणी गाडी घडवू शकणाऱ्या कार्यशाळेला कारखाना होणे इतके अवघड का जाते?

३/ या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर मुंबईच्या बंदरापासून आरंभ करावा लागतो. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. सुटे भाग पेट्यांतून बोटीने येत आणि येथे गाडी उभी राही. शहराला मोटार जोडता येऊ लागली. ती मुळापासून घडवण्याची विद्या मात्र समुद्रापलीकडेच राहिली.

४/ ही उणीव ओळखणाऱ्यांत वालचंद हिराचंद अग्रभागी होते. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज आणि प्लिमथ, पुढे इटलीच्या फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. फियाट ११०० च्या वंशातली ‘पद्मिनी’ तर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहराच झाली.

५/ परंतु परवाना-राज्यात कोणी, काय आणि किती बनवावे हे सरकारी परवानगीवर ठरे. ग्राहक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाही. नवी गाडी निर्माण करणे जवळजवळ अशक्य होते, त्यामुळे लोकांची हौस आहे त्याच गाडीवर खर्च होई: नवा रंग, नवी आसने, चकचकीत चाके. ट्रकमालक तर नुसती चासी विकत घेऊन केबिन आणि हौदा बॉडीबिल्डरकडून बांधून घेत. ती पद्धत आजही संपलेली नाही.

६/ ही परंपरा समजून घ्यायला मला दूर जावे लागत नाही. आमच्या गोडदेवात, भाईंदर पूर्वेला, डेंटिंग-पेंटिंगचे गाळे आहेत. चेपलेला दरवाजा ठोकून, पुट्टी घासून, बोटांनी चाचपून कारागीर तो असा पूर्ववत करतो की अपघाताचा माग लागत नाही. त्याच्यापाशी आराखडा नसतो. नजर हाच त्याचा साचा. मात्र तोच दरवाजा तंतोतंत पाचशे वेळा बनवा, असे त्याला कोणी कधी सांगितलेले नसते.

७/ दिलीप छाब्रिया यांचे काम याच परंपरेतून वाढले, पण एका मोठ्या फरकासह. त्यांनी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील आर्ट सेंटर कॉलेज ऑफ डिझाइनमध्ये मोटार-अभिकल्पाचे रीतसर शिक्षण घेतले आणि काही काळ जनरल मोटर्समध्ये काम केले. मग ते मुंबईला परतले आणि मोटारींच्या उपसाधनांपासून स्वतःचा उद्योग सुरू केला. १९९३ मध्ये ‘डीसी डिझाइन’ ही संस्था उभी राहिली.

८/ हे वर्ष लक्षात ठेवा. १९९१ च्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांवरील परवान्याचे बंधन काढले; प्रवासी मोटारींचा उद्योग १९९३ मध्ये मोकळा झाला. नव्या मध्यमवर्गाच्या आणि त्याहून अधिक नव्या श्रीमंतांच्या हाती पैसा येत होता. मारुती जिप्सी, महिंद्र आर्माडा यांची रूपांतरे, चित्रपटतारकांच्या व्हॅनिटी व्हॅन, पुढे इनोव्हाची आलिशान अंतरंगे, अशा कामांनी ‘डीसी’ ही दोन अक्षरे घराघरांत पोचली.

९/ या कार्यशाळेच्या कौशल्याचा पुरावा हवा असेल तर जानेवारी २००३ मधले डेट्रॉइटचे मोटार-प्रदर्शन पाहा. तेथे ॲस्टन मार्टिनने ‘एएमव्ही८ व्हँटेज’ ही संकल्पना-गाडी मांडली. अभिकल्प हेन्रिक फिस्कर यांचा. पण प्रत्यक्ष नमुना घडवला होता मुंबईच्या डीसी डिझाइनने. जेम्स बाँडच्या गाडीसाठी ओळखल्या जाणाऱ्या इंग्रजी कंपनीने आपली नवी गाडी मुंबईच्या कारागिरांकडून घडवून घ्यावी, ही घटना आपल्या औद्योगिक इतिहासात ठळकपणे नोंदवण्याजोगी आहे.

१०/ २००४ साली अब्बास-मस्तान यांचा ‘टारझन: द वंडर कार’ हा चित्रपट आला. आपल्यापैकी अनेकांनी तो लहानपणी दूरचित्रवाणीवर पाहिला असेल. त्यातली जांभळी गाडी डीसीचीच, टोयोटा एमआर२ वर बेतलेली. एमआर२ चे इंजिन आसनांच्या मागे, दोन चाकजोड्यांच्या मधोमध असते. स्पोर्ट्स कारची हीच रचना पुढे अवंतीतही दिसते.

११/ जानेवारी २०१२. दिल्लीच्या प्रगती मैदानावर ऑटो एक्स्पो भरला होता. अमिताभ बच्चन यांच्या उपस्थितीत अवंतीवरचा पडदा दूर झाला. दुसऱ्याच्या गाडीला नवे रूप देणारा माणूस आता स्वतःच्या नावाची गाडी विकणार होता. छाब्रिया यांच्या महत्त्वाकांक्षेचा हा उच्चांक होय.

१२/ विक्रीस आलेल्या अवंतीत दोन आसने, त्यांच्या मागे रेनॉकडून घेतलेले दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, सुमारे २५० अश्वशक्ती आणि सहा गतींचा हाताने बदलायचा गिअरबॉक्स होता. प्रदर्शनाच्या काळात पंचवीस-तीस लाखांची भाषा होती. विक्रीच्या वेळी किंमत छत्तीस लाखांच्या घरात गेली. फेरारीच्या तुलनेत ही किंमत किरकोळ, सामान्य भारतीयाच्या दृष्टीने अवाच्या सवा.

१३/ आता ‘पहिली’ या दाव्याची परीक्षा करू. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सची ‘सॅन स्टॉर्म’ आली होती: दोन आसने, उघडे होणारे छत, फायबरग्लासचे अंग आणि १.२ लिटरचे छोटे रेनॉ इंजिन. अवंतीपूर्वी दशकभर तरी ती रस्त्यावर होती.

१४/ दुसरे उदाहरण तर आपल्या खाडीपलीकडचे. अलिबागजवळ कार्लेखिंड येथे चिंकारा मोटर्सने ‘रोडस्टर’ बनवली, जुन्या इंग्रजी लोटस सेव्हनच्या धर्तीवर. इंजिन १.८ लिटरचे इसुझू, म्हणजे ॲम्बेसेडरमध्ये बसवले जाई त्याच घराण्यातले! ॲम्बेसेडरसारख्या भारदस्त गाडीचे हृदय घेऊन अलिबागच्या रस्त्यावर धावणारी स्पोर्ट्स कार. हिचे छायाचित्र मात्र कोणी फिरवत नाही.

१५/ म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने ‘पहिले’ या शब्दापासून चार हात दूर राहावे. ‘पहिले’ ठरते व्याख्येवर आणि व्याख्या बहुधा जाहिरात लिहिणाऱ्याच्या हाती असते. मधोमध इंजिन, इतकी अश्वशक्ती, अशा अटी वाढवत गेलो की कोणालाही पहिले ठरवता येते. पण त्या एका शब्दापायी आधीचे सारे प्रयत्न स्मृतीतून पुसले जातात. तो अन्याय आपण का करावा?

१६/ दुसरा आक्षेप उसन्या इंजिनाचा. वर पाहिलेल्या तिन्ही गाड्यांची इंजिने बाहेरचीच. पण बाहेरच्या जगात तरी वेगळे काय घडले? इटलीच्या डी टोमासो पँटेराला फोर्डचे इंजिन होते. मॅक्लारेन एफ१ मध्ये बीएमडब्ल्यूचे, पगानीत मर्सिडीज-एएमजीचे. या गाड्यांना कोणी नकली म्हणत नाही. लहान निर्मात्याने सिद्ध झालेले इंजिन घेणे हेच शहाणपणाचे असते.

१७/ मग गाडी अडते कोठे? एक नमुना घडवणे आणि शंभर सारख्या गाड्या घडवणे ही दोन वेगळी शास्त्रे आहेत. नमुन्यात दरवाजा दोन मिलिमीटर चुकला तर कारागीर तो घासून बसवतो. उत्पादनात प्रत्येक दरवाजा प्रत्येक गाडीला बसलाच पाहिजे. त्यापुढे चाचण्या, सुटे भाग, सेवाकेंद्रे, हमी आणि तोट्याची वर्षे सोसू शकणारे भांडवल लागते. प्रदर्शनातल्या प्रकाशझोतात यातले काहीच दिसत नाही.

१८/ येथे इतिहास एक विलक्षण योगायोग पुढे ठेवतो. ‘अवंती’ म्हटले की आपल्याला उज्जयिनीचे प्राचीन महाजनपद आठवते. पण याच नावाची मोटार डीसी अवंतीच्या पन्नास वर्षे आधी अमेरिकेत होऊन गेली. १९६२ साली स्टुडबेकर कंपनीने विख्यात अभिकल्पकार रेमंड लोवी यांच्या चमूकडून ‘अवंती’ घडवून घेतली. अंग फायबरग्लासचे, रूप काळाच्या कितीतरी पुढचे.

१९/ तिचे घोडे कोठे अडले? फायबरग्लासचे भाग एकमेकांत नीट बसेनात. गाड्या ग्राहकांपर्यंत पोचायला उशीर झाला, मागणी ओसरली. साडेचार हजारांच्या आसपास गाड्या निघाल्या आणि डिसेंबर १९६३ मध्ये स्टुडबेकरने साउथ बेंडचा कारखानाच बंद केला. लोवींसारखा अभिकल्पकार आणि जुनी, अनुभवी कंपनी पाठीशी असताना जी दरी ओलांडता आली नाही, तीच दरी छाब्रिया यांच्यापुढे होती.

२०/ गोष्ट तेथे संपली नाही. साउथ बेंडच्याच दोन विक्रेत्यांनी त्या गाडीचे हक्क आणि साचे विकत घेतले आणि १९६५ पासून शेव्हरोलेचे उसने इंजिन बसवून ‘अवंती २’ हाताने, थोड्या संख्येने बनवली. ती पुढे बरीच वर्षे चालली. उडी आवाक्यातली ठेवली, म्हणून टिकली.

२१/ लोटसचा आरंभही असाच लहान होता. कॉलिन चॅपमन यांनी लंडनमधील हॉर्न्सी येथे, वडिलांच्या हॉटेलामागच्या जुन्या तबेल्यात काम सुरू केले. १९५७ ची लोटस सेव्हन सुट्या भागांच्या संचाच्या रूपातही विकली जाई, कारण पूर्ण गाडीवर लागणारा खरेदी-कर संचावर लागत नसे. ग्राहक ती घरी जोडी आणि रविवारी शर्यतीत उतरवी. करसवलत, शर्यती आणि हौशी ग्राहक अशा तीन पायऱ्यांचा जिना तेथे तयार होता.

२२/ भारतात असा जिना बांधण्याचा प्रयत्न कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी केला. मारुती ८०० च्या इंजिनावर त्यांनी ‘फॉर्म्युला मारुती’ ही एक आसनी शर्यतीची गाडी बनवली. इंजिन उसने, सामान्य, स्वस्त. म्हणूनच तरुणांच्या आवाक्यातले. नरेन कार्तिकेयनने शर्यतीचे पहिले धडे त्याच गाडीत गिरवले. करिवर्धन १९९५ मध्ये विमान-अपघातात गेले; २००३ मध्ये सुरू झालेली कारी मोटर स्पीडवे ही धावपट्टी त्यांच्या नावाने उभी आहे. गाडी विस्मरणात गेली तरी तिने घडवलेली परंपरा उरली.

२३/ अवंतीपुढे असा जिना नव्हता. एकेक गाडी सजवणाऱ्या कार्यशाळेने थेट छत्तीस लाखांच्या बाजारात उडी घेतली. त्या पैशात जर्मन कंपनीची सेडान मिळत होती आणि तिच्या पाठीशी देशभरची सेवाकेंद्रे होती. महत्त्वाकांक्षेत खोट नव्हती. मधल्या पायऱ्याच गायब होत्या.

२४/ कथेचा अप्रिय भागही टाळता येणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी छाब्रिया यांना अवंतीच्या नोंदणी आणि कर्जव्यवहारांशी निगडित फसवणुकीच्या आरोपावरून अटक केली. अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे, निवाडा न्यायालयाचा. पण त्या बातमीनंतर काहींनी अख्खी गाडीच ‘बनावट’ ठरवली, हे तर्काला धरून नाही. मालकावरचा आरोप आणि कारागिरांचे कौशल्य या दोन नोंदी वेगळ्या पानांवर लिहाव्यात.

२५/ कोणी म्हणेल, श्रीमंतांच्या खेळण्यासाठी एवढी शाई कशाला? आक्षेप रास्त आहे. लोकलच्या दारात लटकून महाविद्यालय गाठणाऱ्या मला अशी गाडी परवडण्याची सुतराम शक्यता नाही. पण ज्या हातांनी ती घडवली ते हात श्रीमंतांचे नव्हते. साचे बनवणारे, फायबर चढवणारे, रंग मारणारे शेकडो कामगार या कथेत आहेत आणि एकाही फिरत्या चित्राखाली त्यांच्यापैकी कोणाचे नाव नाही.

२६/ म्हणून माझे म्हणणे इतकेच. अवंतीला ‘पहिली’ म्हणून डोक्यावर घेऊ नका, ‘फसलेली’ म्हणून पायदळीही तुडवू नका. शिवडीची जुळणी, कुर्ल्याचे उत्पादन, गाळ्यागाळ्यांतली बॉडीबांधणी आणि १९९३ नंतरची मोकळीक या साखळीतली ती एक कडी आहे. ती कोठे तुटली हे नीट नोंदवले, तर पुढची कडी जोडणाऱ्याला त्याचा उपयोग होईल.

२७/ आणि हे काम आपल्याला करता येण्याजोगे आहे. तुमच्या गावात, नाक्यावर एखादा जुना बॉडीबिल्डर, डेंटर किंवा रंगारी असेल तर अर्धा तास त्याच्यापाशी बसा. कोणाच्या हाताखाली शिकलात, कोणत्या गाड्या बांधल्या, हे विचारा; त्यांची संमती घेऊन लिहून ठेवा. या विद्येची दफ्तरे नसतात, ती माणसांबरोबरच जाते. मी या रविवारी गोडदेवच्या गाळ्यांपासून सुरुवात करणार आहे. तुम्ही कोठून करणार, ते खाली अवश्य लिहा. धागा समाप्त.