गोळी तपासता, मग प्रिस्क्रिप्शन का नाही?



वयस्कर पेशंट पहिल्यांदा आले की मी त्यांना सांगतो, "घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून घेऊन या." गुडघ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांनी वेदनाशामक दिलेलं असतं आणि हृदयाच्या डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पण दोन्ही रोज पोटात गेल्या की जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. ही चूक कुठल्याही एका चिठ्ठीत सापडत नाही, सगळ्या चिठ्ठ्या शेजारी ठेवल्यावरच दिसते.

आपल्या परळ-लालबागचं असंच झालंय. इथल्या टॉवरांना एकेक करून परवानग्या मिळाल्या. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र ठेवून वाचणं मात्र कोणाचंच काम नव्हतं.

त्या जिन्यावर काय झालं?

29 सप्टेंबर 2017, दसऱ्याचा आदला दिवस. परळ आणि तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताचं प्रभादेवी, या दोन स्टेशनांच्या पुलावर सकाळी चेंगराचेंगरी झाली आणि 23 माणसं गेली. चेंगराचेंगरी म्हटलं की माणसं पायदळी तुडवली गेली असं आपल्याला वाटतं. पण अशा दुर्घटनांत बरेचसे मृत्यू गुदमरून होतात. छातीवर चहूबाजूंनी इतका दाब येतो की फासळ्या हलत नाहीत, श्वास आत घेता येत नाही. माणूस उभ्या उभ्या जातो.

तेव्हा पावसाची चर्चा झाली, अफवेची झाली, अरुंद जिन्याची झाली. ही सगळी तात्कालिक कारणं. डॉक्टर म्हणून मला मूळ कारण विचारावंसं वाटतं: त्या जिन्यावर इतकी माणसं आली कुठून?

गिरणी कामगार चाळीतून चालत कामावर जायचा, तेही तीन पाळ्यांत. गिरण्यांच्या जागी ऑफिसं आली, आणि ऑफिसातला माणूस डोंबिवली-विरारहून ट्रेनने येतो, सगळे साधारण एकाच वेळी. जमीन तीच राहिली, पण स्टेशनवरचा भार पार बदलला. आता सांगा, हा जिना कोणत्या बिल्डिंगच्या फाइलमध्ये येतो? कोणत्याच नाही.

एक शब्द बदलला

गिरणगावात 58 गिरण्या आणि त्यांची सुमारे 600 एकर जमीन होती. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीत साधारण असं ठरलं होतं: जमिनीचा एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी पूर्ण जमिनीची न होता फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीची होणार, असं झालं. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? मैदानं आणि घरं यांचा वाटा तिथेच आक्रसला. प्रकरण कोर्टात गेलं. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पर्यावरणवाद्यांच्या बाजूने निकाल दिला, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

बदल कायदेशीर ठरला, हे मान्य. पण कायदेशीर असणं आणि तब्येतीला मानवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियम बदलण्याआधी स्टेशन, गटारं, हवा, मैदानं आणि इस्पितळांवर काय परिणाम होईल, याचा अभ्यास करण्याची सक्ती कायद्यात नव्हती. आजही नाही.

मग पर्यावरण मंजुरी कशाची असते?

तुम्ही म्हणाल, डॉक्टर, मोठ्या बिल्डिंगला पर्यावरण मंजुरी लागतेच की! लागते. 2006च्या अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला ती घ्यावी लागते. पण ती तपासणी एकेका प्रकल्पाची, म्हणजे एकेका गोळीची. त्यातही प्रकल्पवाल्यानेच सल्लागार नेमायचा, फीसुद्धा त्यानेच द्यायची. आणि तोपर्यंत एफएसआय किती, जमीन कशासाठी वापरायची, हे वरच्या पातळीवर ठरून गेलेलं असतं.

प्रिस्क्रिप्शनची तपासणी म्हणजे धोरणात्मक पर्यावरण मूल्यांकन. विकास आराखडा, एफएसआयचा नियम, वाहतुकीचं धोरण यांवर सही होण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. सगळं मिळून परिणाम काय होईल? दुसरा कमी त्रासाचा पर्याय कोणता? आणि झळ कोणाला बसेल? उत्तरं लोकांपुढे ठेवायची, हरकती ऐकायच्या, मग निर्णय घ्यायचा. युरोपीय संघाने सदस्य देशांना हे बंधनकारक करणारा निर्देश काढला तोही 2001 मध्येच, आपण गिरण्यांचा नियम बदलला त्याच वर्षी. चीनच्या 2002च्या कायद्यातही योजनांची अशी तपासणी आहे.

हा आरोग्याचा विषय कसा?

हिंदमाताला पाणी भरलं की पुढच्या दोन आठवड्यांत ताप, अंगदुखी, लाल डोळे घेऊन पेशंट येतात आणि आम्ही लेप्टो शोधू लागतो. (पायाला जखम असताना त्या पाण्यातून चालला असाल तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना भेटा, प्रतिबंधक गोळी मिळते.) हिंदमाता मुळातच सखल. त्यात आजूबाजूची जमीन काँक्रीटखाली गेली की पाणी मुरणार कुठे? बांधकामावर साचलेल्या पाण्यात मलेरियाचा डास वाढतो. दोन टॉवरांमध्ये ऊन-वारा शिरत नसेल तर क्षयाचे जंतू घरात जास्त वेळ टिकतात. मी अँटिबायोटिक देऊ शकतो, मोकळं मैदान देऊ शकत नाही.

हे या शहराला नवीन नाही. 1896 मध्ये प्लेग आला आणि 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याचे रुंद रस्ते आणि बागा त्याच ट्रस्टच्या आखणीतले. ट्रस्टने गरिबांची घरं पाडली, त्यांची पुरेशी सोय केली नाही, हेही खरंच. पण नगररचना हे आरोग्याचं काम आहे, एवढं तरी त्या काळच्या कारभाऱ्यांना कळलं होतं.

"म्हणजे चाळी तशाच ठेवायच्या?"

मुळीच नाही. बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत काढलेलं आयुष्य ज्याने पाहिलंय, तो पुनर्विकासाला विरोध करणार नाही. गिरगावातल्या टेकू लावलेल्या इमारतीत पावसाळ्याची रात्र काढणाऱ्या काकूंना पक्कं घर मिळालंच पाहिजे. पण घर मिळालं म्हणून पाणी, हवा आणि जिना यांचा हिशेब सोडून द्यायचा का?

"यात उशीर होईल," असंही म्हणतात. ऑपरेशनआधी आम्ही रक्त, ईसीजी, साखर तपासतो. त्यात एखादा दिवस जातो. तो वाचवणाऱ्या सर्जनकडे तुम्ही आईला न्याल? आणि वर्षानुवर्षं चाललेल्या कोर्टकचेऱ्या हा उशीर नाही तर काय आहे?

नुसता कागदी अहवाल नको, हेही मान्य. म्हणून तो करणारी यंत्रणा स्वतंत्र हवी, त्यात आरोग्याचा जाणकार हवा आणि अहवाल मराठीत हवा.

तुम्ही काय कराल?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 यातल्या कलम 26 खाली आराखडा प्रसिद्ध होतो, कलम 37 खाली त्यात फेरबदल होतात आणि लोकांच्या हरकती मागवल्या जातात. या दोन्ही ठिकाणी असं मूल्यांकन सक्तीचं करा, ही आपली मागणी. पुढची सूचना निघेल तेव्हा आपलं घर किती फुटांचं, एवढंच विचारून थांबू नका. वरचे तीन प्रश्न लेखी विचारा, सोसायटीच्या, मंडळाच्या लेटरहेडवर विचारा आणि पोच घ्या.

दुर्घटनेनंतर लष्कराला बोलावून काही महिन्यांत तिथे नवा पूल उभा केला गेला. म्हणजे पूल बांधणं अशक्य नव्हतं. तो लागणार आहे हे आधी ओळखणं कोणाच्याच कामात बसत नव्हतं. ते काम कोणाचं, हे कायद्यात लिहून घेऊया.